कपाटातला लॅपटॉप, घरातली तार : लिनक्सवर घरचं नेटवर्क उभं करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित अपडेट बंद झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप रातोरात ‘जुने’ ठरले आणि कपाटात जाऊन बसले. हा लेख त्या लॅपटॉपसाठी आहे. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम, घालायचं, घरातले फोटो, कागदपत्रं, सिनेमे एका जागी ठेवायचे, आणि घरातल्या कुठल्याही खोलीतून तिथवर झटकन पोचता यावं म्हणून नेटवर्कही मार्गी लावायचं.

नव्याने या वाटेला लागलेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, ‘राउटर कुठला घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे : आत्ता काहीच घेऊ नका. अडतंय कुठे ते आधी शोधा. बऱ्याच घरांत दुखणं राउटरमध्ये नसतंच. ते तारेत, तारेच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये किंवा चुकीच्या यूएसबी पोर्टमध्ये असतं.

एक सूचना. खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहा. आकडेही इंग्रजीच वापरा.

आधी लॅपटॉप उलटा करा

काही इन्स्टॉल करण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा. तो डुगडुगतोय का? टचपॅड वर उचललं गेलंय का, तळाचं झाकण फुगलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे. ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जही करायची नाही. काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बरेचसे लॅपटॉप बॅटरीशिवाय, नुसत्या ॲडॅप्टरवरही चालतात.

पंख्यातली धूळ हा दुसरा मुद्दा. लॅपटॉप विमानासारखा आवाज करत असेल तर रंगवायच्या कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरतो.

रॅम ४ जीबी असेल तर काम भागतं, ८ असेल तर बोलायलाच नको. वाढवायची झाल्यास झाकण उघडून जुन्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दिसायला सारख्याच असतात, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरी १.३५वर चालते. जुनी पट्टी एल असेल तर नवीही एलच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर जुनी पट्टी खिशात घालून न्या. तोंडी वर्णनावर घेतलेली रॅम बदलून आणायला दुसरी खेप होते.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर एसएसडीवर घाला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवली की त्याच लॅपटॉपचा नूर बदलतो. हे काम दोन-चार स्क्रूंचं आहे. काढलेली डिस्क यूएसबीच्या डबीत (केसमध्ये) घालून बाहेरून जोडता येते, अर्थात ती निरोगी असेल तर. ते कसं बघायचं ते पुढे येतंच.

मिंट घालणं

लिनक्सचे अनेक अवतार आहेत, नवख्यासाठी मी त्यांतलं लिनक्स मिंट सुचवतो. मिंटच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि विंडोजवरून आलेल्या माणसाला मेन्यू ओळखीचा वाटतो. डेबियन, फेडोरा, आर्च या इतर अवतारांवरचे वाद मनोरंजक असतात. ते नंतर घाला. रॅम कमी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, पण खालची मेन्यूंची नावं सिनॅमन या मुख्य आवृत्तीतली आहेत.

लॅपटॉपमधलं हवं ते सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बालेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) चढवा. लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यू उघडायचा : डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, असूसला एस्केप. एसरला एफ१२च, पण काही मॉडेलांत तो आधी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावा लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की समोर ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दिसेल. त्यावर लगेच क्लिक करू नका. डिस्कला हात न लावता सगळं तपासायची हीच संधी आहे.

वायफाय दिसतंय का बघा. इंटेलचं कार्ड असेल तर बहुतेक वेळा आपोआप चालतं. ब्रॉडकॉमचं असेल तर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून ड्रायव्हर घ्यावा लागू शकतो, तेवढ्यापुरता मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट द्या. मग ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा, डिस्क निवडा, वरच्या मेन्यूतून ‘स्मार्ट डेटा’, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, बघा. त्या लांबलचक यादीतल्या दोन ओळी महत्त्वाच्या : ‘रीॲलोकेटेड सेक्टर काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’. दोन्हींसमोर शून्य असेल तर उत्तम. दुसरीसमोर आकडा असेल आणि तो वाढत असेल तर त्या डिस्कवर लग्नाचे फोटो ठेवू नका. ‘यूडीएमए सीआरसी एरर’ वाढलेला दिसला तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी तिची केबल किंवा केस बदलून बघा.

तिसरी तपासणी टर्मिनलमधली. ‘एलएसपीसीआय’ ही कमांड द्या आणि इथरनेटची, म्हणजे तारेच्या नेटवर्क पोर्टची, ओळ शोधा. ‘गिगाबिट इथरनेट’ लिहिलेलं असेल तर छान. ‘फास्ट इथरनेट’ असेल तर नावावर जाऊ नका. त्या पोर्टची धाव १०० एमबीपीएसपर्यंतच (सेकंदाला १०० मेगाबिट), गिगाबिटची १०००. स्वस्त लॅपटॉपांत हा पोर्ट सर्रास दिलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे यूएसबी ३चं गिगाबिट ॲडॅप्टर. घेताना खोक्यावरचं नाव सोडा, आतली चिप विचारा. रिअलटेक आरटीएल८१५३ असेल तर लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. यूएसबी वायफाय डाँगलच्या वाट्याला मात्र जाऊ नका. त्यांत चिपची इतकी भेसळ आहे की एकाच मॉडेलच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या चिपा निघतात.

हे सगळं जमलं की इन्स्टॉल करा, पूर्ण डिस्क पुसून. विंडोजला शेजारी जागा ठेवायची गरज नाही, हा लॅपटॉप आता घराचा कोठीघरवाला आहे. भाषा इंग्रजी ठेवलीत तर पुढे अडचणींवरचे उपाय शोधणं सोपं जातं. मराठी कीबोर्ड नंतर जोडता येतो. फोल्डरांना ‘आजोबांची कागदपत्रं’, ‘गणपती २०२४’ अशी नावं खुशाल द्या, विंडोजवर आणि मोबाइलवरही ती नीट दिसतात. पासवर्ड मात्र रोमनमध्येच ठेवा.

तार

लेखाचा अर्धा जीव इथे आहे. एका जागी बसून राहणाऱ्या यंत्राला तार लावायची, हा नियम पाळला तर वायफायच्या अर्ध्या तक्रारी उद्भवतच नाहीत. घरचा लॅपटॉप-सर्व्हर, टीव्ही, डेस्कटॉप तारेवर गेले की हवेतली जागा मोबाइलना मोकळी होते.

तार कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. गिगाबिट १०० मीटरपर्यंत न्यायला ५ई पुरते, आणि तुमच्या घरात १०० मीटर लांब भिंत नाही. कॅट ७, कॅट ८ अशी नावं छापलेल्या चपट्या तारांवर पैसे घालवू नका. बघायची गोष्ट वेगळीच आहे : तार शुद्ध तांब्याची आहे का? बाजारात सीसीए म्हणून एक प्रकार मिळतो. आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागा, एक वायर सोला आणि ब्लेडने खरवडा. आतून चंदेरी पांढरं दिसलं तर ती तार ठेवून द्या. कनेक्टरमध्ये ती नीट धरत नाही, दोन-चारदा वाकवली की तुटते.

तार नेताना विजेच्या पाइपातून नेऊ नका. जुन्या लँडलाइनचा किंवा केबल टीव्हीचा पाइप भिंतीत असेल तर सोन्याहून पिवळं. जुन्या तारेच्या टोकाला नवी बांधून ओढून घ्या. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत तांब्याची तार टाकायचा मोह टाळा. वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठे पडली तरी त्या तारेतून झटका आत येतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जातात. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून बाहेरून आत येताना फायबर बरी.

आता टोक. कनेक्टरची खिट्टी आपल्यापासून पलीकडे, पितळी पट्ट्या वर आणि आपल्याकडे, तार खालून येतेय असं धरा. डावीकडून क्रम असा लावायचा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका आणि बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत जाईल असं दाबा, म्हणजे तार ओढली गेली तरी ताण वायरींवर येत नाही.

हिरव्याच्या जोडीत निळा का घुसवलाय, असा प्रश्न पडेल. अनेकजण तो ‘सुधारतात’ : पांढरा-हिरवा, हिरवा, मग पांढरा-निळा, निळा असं नीटनेटकं लावतात. दोन्हीकडे तसंच लावलं तर तार तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात, आणि माणूस खूश होतो. पण तिसरी आणि सहावी पट्टी मिळून एक जोडी असते, चौथी आणि पाचवी मिळून दुसरी. या प्रत्येक जोडीच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असायला हव्यात. बाहेरचा गोंगाट त्या पिळामुळेच कटतो. ‘सुधारलेल्या’ क्रमात हिरव्या वायरीची जोडी निळ्याशी लागते, पीळ वाया जातो आणि लांब तारेवर वेग ढासळतो. आठ रुपयांचं काम आणि आठ दिवसांचं डोकं, असा हा प्रकार.

तार लावलीत की मिंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये वेग बघा. १००० एमबीपीएस दिसला पाहिजे. तिथे १०० दिसत असेल आणि दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट असतील, तर तार तुम्हाला नेमकं दुखणं सांगते आहे. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ या चार पट्ट्या लागतात, गिगाबिटला आठही. म्हणजे बहुधा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी वायर लागलेली नाही. नारिंगी-हिरव्यात बिघाड असता तर जोडणीच झाली नसती. पुन्हा टोक मारा, राउटर बदलू नका. मात्र राउटरच्या पोर्टची क्षमता आधी माहितीपत्रकात बघा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यांत काही वेळा १००चेच पोर्ट असतात.

खरा वेग मोजायचा असेल तर दोन संगणकांवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयपर्फ३’ देऊन ते घ्या. एकावर ‘आयपर्फ३ -एस’, दुसऱ्यावर ‘आयपर्फ३ -सी’ आणि पुढे पहिल्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक. गिगाबिट तारेवर साधारण ९४० मेगाबिट येतात, १००च्या तारेवर ९४च्या आसपास. ही चाचणी इंटरनेटला शिवत नाही, फक्त घरातला रस्ता मोजते.

इथे बिट आणि बाइटचा घोळ मिटवून टाका. इंटरनेटचा प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये कॉपी होते, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसवर सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट येणार, गिगाबिटवर ११०च्या आसपास. बाहेरची हार्ड डिस्क जुन्या यूएसबी २ पोर्टात असेल तर ती ३०-४०च्या पुढे जात नाही, तार कितीही चांगली असो. निळी जीभ असलेला पोर्ट शोधा, तो बहुधा यूएसबी ३ असतो.

वायफायचं थोडक्यात

२.४ गिगाहर्ट्‌झ हा वायफायचा पट्टा लांब पोचतो पण गर्दीत अडकतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण विटांच्या दोन भिंतींपुढे मान टाकतो. सोसायटीत राहत असाल तर टर्मिनलमध्ये ‘एनएमसीएलआय डेव वायफाय’ असं लिहून बघा. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सगळ्या नेटवर्कची यादी चॅनेलसकट येईल. २.४वर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतला कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवा.

राउटर बुटांच्या कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा माळ्यावर दडवू नका. इंटरनेटवाल्याने दाराजवळ बसवून दिला म्हणून तो जन्मभर तिथेच राहायला हवा असंही नाही. त्याला घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर आणा.

आतल्या खोलीत तरीही येत नसेल तर रिपीटर घेण्याआधी घरातला जुना राउटर काढा आणि त्याला तारेने जोडून ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा, बनवा. त्याचा पत्ता बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. त्याचं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायचं काम, बंद करा. मुख्य राउटरकडून येणारी तार त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात न घालता लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टात घाला. नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच द्या, चॅनेल वेगळा. वॅन पोर्टात तार घातली तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि मग हॉलमधला प्रिंटर बेडरूममधून दिसत नाही. ‘प्रिंटर बिघडला’ म्हणून येणाऱ्या फोनांमागे बऱ्याचदा हे एवढंच असतं.

कायमचा पत्ता आणि शेअर

राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो आणि तो मनाला येईल तेव्हा बदलतोही. सर्व्हरचा पत्ता बदलून चालत नाही. राउटरच्या पानावर जाऊन, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, डीएचसीपी रिझर्व्हेशन शोधा आणि लॅपटॉपच्या तारेच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क पोर्टच्या ओळख क्रमांकाला) एक पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.५०. तारेचा आणि वायफायचा मॅक वेगवेगळा असतो, तेवढं बघून घ्या. त्याच बैठकीत राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्डही बदलून टाका.

आता फाइल. ‘नेमो’ फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरवर राइट क्लिक, ‘शेअरिंग ऑप्शन्स’. सांबा, म्हणजे विंडोजला समजेल अशा पद्धतीने फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम, नसेल तर ते घ्यायला सांगेल, घ्या. मग टर्मिनलमध्ये ‘सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ आणि पुढे तुमचं युजरनाव. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा साठवला जातो, ही पायरी विसरली की विंडोज पासवर्ड चुकीचा म्हणत राहतं. पाहुण्यांसाठी बिनपासवर्डचा शेअर उघडा ठेवू नका. तसाही नव्या विंडोजला तो चालत नाही. मोबाइलवर व्हीएलसीच्या स्थानिक नेटवर्कमध्ये हा शेअर दिसतो, आयफोनच्या ‘फाइल्स’मध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे.

बाहेरची डिस्क जोडली असेल तर ‘डिस्क्स’मध्ये ‘एडिट माउंट ऑप्शन्स’ उघडून ती सुरुवातीलाच जोडली जाईल असं करा. तिथला ‘नोफेल’ हा शब्द पुसू नका. तो नसेल आणि एखाद्या दिवशी कोणी डिस्क काढून नेली, तर लॅपटॉप चालू होताना मध्येच अडून बसतो.

झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘डू नथिंग’ निवडा. हे सेटिंग तुम्ही लॉगइन असाल तेव्हाच लागू पडतं. वीज जाऊन येऊन लॅपटॉप लॉगइनच्या पडद्यावर थांबला असेल तर झाकण लावताच झोपेल. म्हणून ‘सिस्टमडी’ फोल्डरातल्या ‘लॉगइनडी डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये ‘हँडल-लिड-स्विच’च्या ओळीपुढचं हॅशचं चिन्ह काढून ‘इग्नोअर’ लिहा आणि रीस्टार्ट करा. ‘ओपनएसएसएच-सर्व्हर’ही घालून ठेवा, मग दुसऱ्या संगणकावरून ‘एसएसएच’ने टर्मिनलमधून आत जाता येतं आणि लॅपटॉप मांडणीवर उभा करून विसरता येतो.

वीज

असा लॅपटॉप निवांत असताना १५ वॅट खातो असं धरलं तर महिन्याला ११ युनिटच्या आत काम होतं. बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तो स्वतःला सांभाळतो. राउटर मात्र तात्काळ मरतो. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचं लेबल वाचा : व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. एकालाच दिला तर वायफायचे दिवे लागतात आणि इंटरनेट नसतं, मग कंपनीच्या हेल्पलाइनवर अर्धा तास जातो.

बॅटरी चोवीस तास १०० टक्क्यांवर राहिली की लवकर फुगते. बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर वापरा. तिथेच ‘वेक ऑन एसी’ दिसलं तर तेही चालू करा, म्हणजे लांबलेल्या लोडशेडिंगनंतर वीज आली की लॅपटॉप आपणहून उठेल.

बाहेरून बघायचं असेल तर

ऑफिसातून घरच्या फाइल बघायची हौस आली की लोक पोर्ट फॉरवर्डिंगकडे, म्हणजे राउटरमधून आत यायची क्रमांकाची वाट (पोर्ट) उघडण्याकडे, वळतात. सांबाचा ४४५ पोर्ट इंटरनेटला कधीही उघडू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस विंडोजच्या याच शेअरिंगमधल्या दोषावर स्वार होऊन जगभर पसरला होता. आणि बऱ्याच घरांत पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून दिलाय, बाहेरचा माणूस तुमच्या राउटरपर्यंत पोचूच शकत नाही. त्यावर टेलस्केल हे ॲप सोपा मार्ग आहे : लॅपटॉपवर आणि मोबाइलवर घाला, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगइन करा, झालं. आत वायरगार्ड हे सुरक्षित जोडणीचं तंत्र चालतं, कुठलाही पोर्ट उघडावा लागत नाही.

मिंटमधलं ‘टाइमशिफ्ट’ सिस्टमची प्रत ठेवतं, तुमच्या फोटोंची ठेवत नाही. फोटोंसाठी दुसरी डिस्क घ्या, आठवड्यातून एकदा जोडा, प्रत काढा आणि पुन्हा काढून कपाटात ठेवा. प्रत काढली की त्यातल्या दोन-चार फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.